जिचे कागद फार, तिचे चाहते कमी

सदाशिव पेठ, पुणे

चि. चिमूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ट्यूडर राण्यांवरचं एकही व्याख्यान तू चुकवत नाहीस, यावर तुझी आई म्हणते, परक्यांच्या मेलेल्या राण्यांचं हिला एवढं काय? मला मुळीच नवल वाटलं नाही. इथे वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत पेशव्यांच्या घरातल्या एखाद्या बाईचं नाव दिसलं, की मी रात्रीचा स्वयंपाक दुपारीच उरकून टिळक स्मारकाची वाट धरते. रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली माला ती. सभागृहात निम्मी डोकी माझ्यासारखीच पिकलेली, आणि प्रश्न विचारायला उठणारा प्रत्येक जण आधी स्वतःच पाच मिनिटं बोलतो. पुणं बदललेलं नाही.

तू लिहितेस, आठव्या हेन्रीची ॲन बोलिनला लिहिलेली सतरा पत्रं व्हॅटिकनमध्ये आहेत आणि तिची उत्तरं मात्र हरवली. मला वाटतं, तिच्यावर इतकं लिहिलं जातं ते म्हणूनच. मस्तानीचंच बघ. तिच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं सापडतं, ती स्वतः बोलताना जवळजवळ ऐकूच येत नाही. तरी ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ पासून घरोघरी आहे, शनिवारवाड्याला मस्तानी दरवाजा आहे, केळकर संग्रहालयात तिचा महाल आहे. २०१५ च्या सिनेमात काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ नाचल्या म्हणून शहरात निदर्शनंही झाली. माधवरावांची रमाबाई तशीच. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला सत्तावीस वर्षांचे माधवराव गेले, ती सती गेली, आणि १९६२ च्या ‘स्वामी’नं तिला साऱ्या महाराष्ट्राची लाडकी सून केलं. कादंबरी मीही रडत वाचली. पण त्या रमेचे संवाद रणजित देसायांचे आहेत, तिचे नव्हेत.

आता गोपिकाबाई घे. वाईच्या रास्त्यांची मुलगी, नानासाहेबांची बायको. थोरला विश्वासराव पानिपतावर पडला, त्याच वर्षी नवरा गेला, मग माधवराव क्षयानं आणि वर्षाच्या आत नारायणरावाचा वाड्यातच खून. ती नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली आणि तिथून नातवाला, सवाई माधवरावाला, पेशव्यानं सकाळी उठल्यापासून कसं वागावं याची लांबलचक शिकवण लिहून पाठवली. हट्टी, कडक, सत्तेची चव घेतलेली बाई. तिची पत्रं छापलेली आहेत. तिच्यावर व्याख्यान असलं की मागच्या रांगा रिकाम्या.

आनंदीबाईची गोष्ट तर त्याहून गमतीची. ‘ध’चा ‘मा’ आपल्याला शाळेपासून पाठ, पण तो खाडाखोड केलेला कागद काही कुणी पुढे ठेवलेला नाही. तिची स्वतःची पत्रं मात्र आहेत, चांगली सडेतोड. ती वाचायला कुणाला हवीत? ज्या बाईनं मागे काही लिहून ठेवलं नाही, तिच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं. लिहिणारी बाई मध्येच आपलं बोलणं तोडते, आणि ते चाहत्यांना परवडत नाही.

माझा जीव सगळ्यात अडकलाय तो पार्वतीबाईंत, सदाशिवरावभाऊंच्या. ती स्वतः पानिपतच्या मोहिमेवर होती, १४ जानेवारी १७६१ च्या कत्तलीतून निसटून परत आली. भाऊ गेले हे तिनं मानलंच नाही; कुंकू ठेवलं. पुढे एक तोतया उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. फौज जमवली, कोकणातले किल्ले घेतले. १७७६ मध्ये पकडून त्याला मारलं. आणि इकडे वाड्यात ही बाई, कुंकू लावून. १७८३ साली ती गेली तेव्हा भाऊंचीही उत्तरक्रिया झाली. एवढ्या वर्षांत तोतयाच्या बातम्या कानी येत असताना तिच्या मनात काय चाललं असेल, हे मला कुठल्याही कादंबरीकाराकडून ऐकायचं नाही.

म्हणून तुझ्या पत्रातल्या पर्किन वॉर्बेकपाशी मी थबकले. तोही तोतयाच, राजपुत्र रिचर्ड म्हणवणारा, १४९९ मध्ये फाशी गेलेला. खरा असता तर सातव्या हेन्रीच्या राणीचा, यॉर्कच्या एलिझाबेथचा, सख्खा भाऊ. आणि तो पकडला गेल्यावर त्याची बायको कॅथरीन गॉर्डन त्याच राणीच्या परिवारात राहिली, हे वाचून मी चष्मा पुसला. या दोघींबद्दल सांगणारं एखादं पुस्तक असेल तर येताना घेऊन ये. ॲनवरचं नको, ती मला पुरे झाली.

तू आलीस की आपण भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊ. १९१० सालची संस्था, आपल्या घरापासून चालत. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून छापलेले पंचेचाळीस खंड हवेत तर माझी खूण केलेली पानं आधी बघ. बाकी अजून रुमालांत बांधलेलं, मोडीत. मी मोडी शिकतेय, अक्षर लागतं, ओळ लागत नाही. तुझे डोळे तरुण आहेत.

आईला सांग, लोणच्याच्या कैऱ्या आल्यात, बरणी पाठवतेय.

तुझी,
मावशी