वरचढ मुलगी

सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स' या कादंबरी-त्रयीतली कॅटनिस मला आवडते ती तिच्या तोऱ्यासकट. बाप खाणीतल्या स्फोटात गेला, आई मिटून बसली, तेव्हा अकरा वर्षांच्या या पोरीने रानात शिकार करून घर जगवलं. मग इतरांकडे वरून बघायची सवय लागणारच. राजधानीतली नटवी माणसं तिला रंगीबेरंगी पाखरं वाटतात, आणि आईलाही ती सहजी माफ करत नाही. पालघर-बोईसरला पहाटेची लोकल धरणाऱ्या, घर ओढणाऱ्या कितीतरी थोरल्या मुलींच्या मानेत हा ताठा दिसतो.

शिवाय तिचा तो जिल्हा! कोळसा काढायचा आणि रात्री दोन-एक तास वीज. आमच्या तारापूरचं अणुवीज केंद्र 1969पासून महाराष्ट्राला, गुजरातला वीज देतंय. त्याच्या विस्तारापायी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. शेतीसाठी बांधलेल्या सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरारच्या नळाला गेलं. इथे बसून ही कादंबरी वाचताना कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही.

नायिकेचं वरचढपण मात्र तिच्या ताब्यात राहत नाही. तिसऱ्या भागात राजधानीविरुद्ध उठलेले बंडवाले कॅटनिसचा चेहराच हत्यारासारखा वापरतात.

आमच्याकडे असं खरोखर घडलंय. वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर वरूनच आल्या होत्या. पुण्याच्या गोखल्यांची, वकिलीची पदवी घेतलेली लेक. मे 1945मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांनी ठरवलं की वेठ बंद, आणि बारा आण्यांखाली मजुरी नाही. ऑक्टोबरात जमीनदारांच्या माणसांनी आवई उठवली: तलवाड्याला बाईंची सभा आहे, त्यांच्यावर हल्ला होणार, काठ्या घेऊन या. सभा नव्हतीच. पण रात्रीत पाड्यापाड्यांतून माणसं लोटली, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

नाव बाईंचं, गोळ्या वारल्यांना. पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिताना बाईंनी शीर्षकात स्वतःला जागा दिली नाही, ते बरंच केलं.

तरी काठ्या घेऊन निघालेले वारली बाईंकडे मान उंचावून बघत होते, हे मला पटत नाही. ते त्यांना वाचवायला निघाले होते. कॅटनिसला सोडवायला तिचा जिल्हा तिन्ही भागांत असा एकदाही धावत नाही. फार तर सलामीला तीन बोटं वर करतो.