विलंब आणि विलंबित

विलंब आणि विलंबित हे शब्द एकाच कुळातले. गाण्यात मात्र त्यांचे वैर आहे. विलंबित ख्यालाचे आवर्तन कितीही लांबले तरी समेला उशिरा येऊन चालत नाही. हा भेद मला नीट उमगला तो तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकामुळे.

मिरजेचे आमचे एक काका आयुष्यभर किराण्याची गायकी गात आले. उतारवयात कान मंदावले. त्यांच्या श्रवणयंत्रातून बोलणे कळे, पण तंबोरा पत्र्यासारखा वाजे. ज्या गावच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात त्यांनी तंबोरा गवसणीत घातला होता. साताऱ्याहून मी तो संगणक, साउंड कार्ड आणि मायक्रोफोन घेऊन गेलो. स्वर आत घ्यायचा, कानाला न पोचणारा भाग उचलायचा आणि हेडफोनमधून परत द्यायचा, एवढीच योजना.

पहिल्याच आलापाला काका थांबले. म्हणाले, "स्वर माझाच आहे रे, पण कुणीतरी माझ्यामागून गातंय."

संगणक ध्वनी कप्प्याकप्प्याने हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर १,०२४ नमुन्यांचा कप्पा भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. जातायेता असे तीन कप्पे म्हणजे ६४ मिलिसेकंद. कप्पा १२८ नमुन्यांचा केला की हा उशीर ८ वर येतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पावणेतीन मीटर जातो. बैठकीतल्या श्रोत्याइतकेच अंतर. उशीर गेला, पण तडतड सुरू झाली.

गंमत अशी की प्रोसेसरवर भार जेमतेम होता. सरासरी उत्तम होती, आणि तीच फसवी होती. तडतड ठरावीक अंतराने येई, हा धागा धरून शोध घेतला. आयत्या मिळालेल्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचे काम करणारा भागच मधूनमधून मेमरी कार्डावर नोंद लिहीत होता. कार्ड एखाद्या वेळी रेंगाळे आणि पुढचा कप्पा रिकामा राही. नोंदीचे काम वेगळ्या धाग्याकडे सोपवले, ध्वनीला अग्रक्रम दिला; तडतड थांबली. लिनक्स एरवी सर्व कामांना न्यायाने वेळ वाटते. वेळेची हमी देणारी व्यवस्था सुमारे २० वर्षे बाहेर राहून २०२४ साली त्याच्या मूळ गाभ्यात आली.

त्या संध्याकाळी काकांनी तासभर पूरिया गायला.

वेगवान असणे आणि वेळेवर असणे एक नव्हे. वृत्तातही हजार मात्रा बिनचूक पडल्या म्हणून एका चुकलेल्या मात्रेची भरपाई होत नाही. कान नेमका तिथेच अडखळतो.