हँडब्रेक

आमच्या बेळगावच्या घरामागच्या परड्यात आठ वर्षं एक टाटा ४०७ उभी होती. अण्णांची गाडी. रात्री मार्केटात कोबी, मिरची, गाजरं भरायची, चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापसा गाठायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम. माझ्या बी.ई.ची फी याच गाडीनं भरली. २०१६ साली अण्णांची बायपास झाली आणि गाडी थांबली ती थांबलीच.

२०२४ च्या दिवाळीत मागची भिंत नव्यानं बांधायचं ठरलं. गाडी हलवणं भाग होतं. मी बंगळूरहून आठवडाभर 'वर्क फ्रॉम होम' घेऊन आलो. येण्याआधीच फोनवर भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की गाडी रस्त्यापर्यंत आणून द्या. अण्णांना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी टायरमध्ये हवा भरली, केबिनमध्ये चढून हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल केला आणि शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर लावला. गाडी हलली, पण मागची चाकं फिरेनात. ओल्या मातीत दोन खोल चर पडले. तेवढ्यात अण्णा काठी टेकत बाहेर आले.

"काय करालास रे? थांबव ते! लायनर उखडून ड्रममध्ये अडकला तर गाडी जन्मात हलायची नाही."

मग त्यांनी फोन करून आपल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी आधी चाकांना मोठे दगड लावले. नुसत्या जॅकवर कधी भरवसा ठेवायचा नाही, म्हणून गाडी उचलल्यावर खाली लाकडाचे ठोकळे दिले. मग मला समजावून सांगितलं. ड्रम ओतीव लोखंडाचा, आत त्याला चिकटून ब्रेकचा लायनर. आठ पावसाळ्यांचा दमटपणा दोघांच्या मध्ये शिरला आणि गंजानं दोघांना सांधून टाकलं. शिवाय हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजलेली. म्हणजे मी केबिनमध्ये दांडा सोडला तरी चाकाजवळ ब्रेक ओढलेलाच होता. तिसरी भानगड व्हील सिलिंडरची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आतले पिस्टन गंजून अडकतात.

एक लक्षण, तीन कारणं. ऑफिसात अशा वेळी आम्ही एकदम सगळं बदलत नाही, एकेक कारण बाजूला करतो. मिस्त्रींनीही तेच केलं. आधी केबल सुटी केली. मग अॅडजस्टरच्या आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. "लायनरवर थेंब जाता कामा नये, नाहीतर पुढं ब्रेकच लागायचा नाही," असं बजावलं. सकाळी अॅडजस्टर मागं घेतला आणि ड्रमच्या कडेनं गोल फिरत हातोडीचे बेताचे ठोके द्यायला सुरुवात केली. जोर कमी, चिकाटी जास्त. अर्ध्या तासानं आतून 'टक्' असा आवाज आला आणि चाक हातानं फिरलं.

ड्रम उघडल्यावर मी धूळ उडवायला हवेचा पाइप घेतला, तर मिस्त्रींनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, ती धूळ फुप्फुसात जायला नको. तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडानं पुसलं. मग चारही चाकांचे सिलिंडर खोलून नवे रबर घातले, नवं ऑइल भरलं आणि पेडल मारमारून लाइनीतली हवा काढली.

हे सगळं चाललेलं असताना अण्णा खुर्ची टाकून बसले होते. मध्येच म्हणाले, "बरेच दिवस गाडी उभी करायची असली की हँडब्रेक ओढत नाहीत. गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना दगड लावायचे."

"मग तुम्ही का ओढला होता?"

"सकाळी परत निघायचं होतं की."

मिस्त्रींनी खाली मान घालून नट आवळला. त्या रात्री अण्णांच्या छातीत दुखू लागलं होतं. मी तेव्हा बंगळूरला होतो. गाडी त्या एका रात्रीपुरतीच लावली होती, हे मला आठ वर्षांनी कळत होतं.

संध्याकाळी मी कसाबसा विषय काढला. "अण्णा, ती गाडी..."

"भंगारवाल्याला सांगितलंस ते ठाऊक आहे मला. काकांनी सांगितलं. जाऊ दे. पण फरफटत जायला नको होती."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं हळूहळू ओढली. स्टिअरिंगवर अण्णा. डॉक्टरांनी गाडी चालवायला मना केलंय हे त्या दिवशी आईनंही काढलं नाही. गाडी परड्यातून सरळ बाहेर आली. रस्त्याच्या कडेला अण्णांनी पेडल दाबलं आणि ती जागच्या जागी थांबली.

ते सावकाश खाली उतरले. गाडी गिअरमध्ये टाकून आले होते. मला म्हणाले, "चाकांना दगड लाव." मी चारही चाकांना दगड लावले.

हँडब्रेक त्यांनी ओढला नव्हता.