एकाचे नऊ

माझे लेख इंटरनेटवर मांडायला घेतले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, प्रत्येक लेखाला स्वतंत्र पत्ता लागतो. त्यात काय घालू? आकडा, तारीख, की नाव?"

बँकेतल्या माणसाला हे विचारायचं का? आमच्या खातेदाराचं लग्न होतं, आडनाव बदलतं, खाते क्रमांक मात्र तोच. "आकडा!" मी म्हणालो. पण नुसत्या आकड्यावरून लेख सासूवर आहे की साखरेवर, हे वाचकाला कसं कळावं? तारीख घातली, तर लेख उद्याच शिळा दिसायचा. उरलं नाव.

'आई' असं मराठीत घातलं. तो पत्ता ईमेलमध्ये चिकटवला आणि पाहतो तर टक्क्यांची रांग! भाच्याने हिशेब दिला. देवनागरीच्या दर चिन्हाचे तीन बाइट, दर बाइटला एक टक्का आणि वर दोन अक्षरं. म्हणजे एकाचे नऊ! एवढा दर आमच्या मुदत ठेवीलाही नाही. शेवटी आईला रोमन लिपीत बसवली.

आता मात्र पत्ता हलायचा नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलंय, की चांगले पत्ते बदलत नसतात. बदललाच, तर जुन्या दारावर '३०१, कायमचे स्थलांतर' अशी पाटी लावावी. यंत्र वाचकाला निमूट नव्या घरी पोचवतं. पाटी नसली की ४०४. घराला कुलूप आणि शेजारीही बेपत्ता!

माझ्या मावशीने, म्हणजे त्या लेखातल्या आईच्या धाकट्या बहिणीने, तो पत्ता किराण्याच्या वहीत पेनाने उतरवून घेतलाय. भाच्याला पत्त्यांची नवी रचना सुचली, की मी त्याला आधी मावशीकडे पाठवतो.