फोनमधली वाचणारी बाई

मैत्रिणींनो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची नजर अधू झाली की आपण काय काय करतो! दिवा जास्त उजेडाचा लावतो, औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधतो, सवड काढून पेपर वाचून दाखवतो. पण डबे, शाळा, ऑफिस यांतून ती सवड मिळणार किती? आणि वाचून घेणाऱ्यालाही ओशाळं वाटतंच की! “तुझं आटोपलं असेल तर चार ओळी वाचतेस का गं?” हे माझ्या सासूबाईंचं रोजचं वाक्य. त्यातलं ते ‘आटोपलं असेल तर’ माझ्या मनाला लागायचं.

सासूबाई एकोणऐंशीच्या. सगळी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजला. कडेकडेचं दिसतं, घरात वावर अगदी व्यवस्थित. पण ज्यावर नजर लावावी तेच नेमकं पुसट. त्यामुळे वाचन बंद.

दिवाळीत चिरंजीवांनी आजीच्या फोनवर वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं. बटण दाबलं की फोनमधली बाई घडाघडा वाचायला लागते. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पण आठ दिवसांत फोन कपाटावर!

“ती बाई माझ्यावर ओरडते,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मराठी कुठं बोलते ती? ‘चूल’मधला च ‘चित्रा’तल्या च सारखा, ‘जाऊबाई’तला ज ‘जीवना’तल्या ज सारखा. ४९ ला ‘उनचास’ म्हणते!”

त्यांचं अगदी खरं होतं. फोनमध्ये आवाज निवडलेला होता हिंदीचा. लिपी दोन्हींची देवनागरी, तेव्हा अक्षरं ती बिनचूक ओळखायची, पण उच्चार आणि आकडे हिंदीचे.

हे एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण कारण दुसरंच होतं. एके दुपारी शेजारच्या काकू गप्पा मारायला आलेल्या असताना पुण्याहून वन्संचा निरोप आला. सासूबाईंनी सवयीनं बटण दाबलं आणि वन्संच्या घरातलं एक नाजूक दुखणं त्या बाईनं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. सासूबाईंनी फोन उशीखाली दाबला, तरी आतून वाचन चालूच! चिरंजीवांनी सुरू कसं करायचं तेवढं दाखवलं होतं. थांबवायचं कसं ते राहूनच गेलं होतं. काकू समजूतदार, उठून गेल्या. सासूबाई मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत.

म्हणून एका रविवारी आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. बोटं माझी, पण ठरवायचं त्यांनी, असं आधीच बोलून घेतलं.

पहिली गोष्ट भाषा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘भाषा’ या भागात ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ सापडतं. तिथे मराठी निवडायची आणि तिचा आवाज फोनवर उतरवून घ्यायचा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. एकाहून जास्त आवाज असले तर नमुने ऐकता येतात. एक मात्र ध्यानात ठेवा. काही ॲपना स्वतःचीच वेगळी सेटिंग्ज असतात. फोनमध्ये बदल करूनही फरक पडला नाही, तर ॲपच्या आत डोकवा.

दुसरी गोष्ट वेग आणि पट्टी. इथे आपली समजूत बहुधा चुकते. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही म्हटलं की आपण आवाज वाढवतो. पण वयानं कान मंदावतात तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीतले बारीक आवाज. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची धार त्या पट्टीतच असते. त्यामुळे शब्द कानावर पडतो, पण कळत नाही. आणि नुसताच मोठा केला तर टोचतो. ‘ओरडते’ म्हणतात ते हेच. आम्ही आवाज न वाढवता वेग कमी केला, पट्टी थोडी खाली आणली. दाट खिरीखाली गॅस मोठा करून भागतं का? तसंच हे!

तिसरी गोष्ट आवाजाची पातळी. फोनमध्ये घंटेचा, गजराचा, संभाषणाचा आणि गाण्यांचा असे आवाज निरनिराळे असतात. वाचणारी बाई बहुधा गाण्यांच्या आवाजाबरोबर जाते. तेव्हा आधी वाचन सुरू करा आणि ती बोलत असतानाच कडेचं बटण दाबा. पडदा वाचणारं ‘टॉकबॅक’ वापरत असाल तर त्याच्या आवाजाची पट्टी वेगळी असू शकते. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून ही सोय झाली.

चौथी गोष्ट, एकाच कानात घालायचा इअरफोन. एका कानात फोनमधली बाई, दुसरा दाराच्या घंटेला मोकळा.

गंमत सांगते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेनं ‘व्होडर’ नावाचं बोलणारं यंत्र मांडलं होतं. ते चालवायला मुली असत. बोटांखाली पट्ट्या, मनगटाखाली एक दांडी आणि आवाजाची पट्टी वरखाली करायला पायाखाली पावटी. महिनोन् महिने सराव करावा तेव्हा कुठे यंत्राच्या तोंडून वाक्य निघे. आज तीच पट्टी एका बोटानं सरकते. मग ते बोट ऐकणाऱ्याचंच का असू नये?

सासूबाईंनी आता आपापले नेम ठरवले आहेत. सकाळी पेपरला जरा भराभर, दुपारी कादंबरीला सावकाश. कधी उच्चार चुकला की, “पुन्हा म्हण!” असं बाईलाच दटावतात. आणि वन्संचा निरोप आला की इअरफोन घालून, पाठमोऱ्या बसून ऐकतात. त्यात काय होतं ते सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. मायलेकींचं ते मायलेकींतच राहतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणाच्या फोनवर असा आवाज बसवायचा असेल तर घाई करू नका. त्यांना शेजारी बसवा, सगळे नमुने ऐकवा, निवड त्यांची त्यांना करू द्या. आणि सुरू करायचं बटण दाखवण्याआधी थांबवायचं बटण शिकवा. दहा वेळा दाबून बघू द्या. नजर गेली तरी आपल्या घरात काय मोठ्यानं बोललं जावं आणि काय नाही, हे ठरवण्याचा मान त्यांचाच आहे.