बखरींचे पालक : काशीनाथ नारायण साने

मराठ्यांच्या इतिहासाची गोष्ट निघाली कीं, राजवाडे, खरे, सरदेसाई हीं नांवें सुशिक्षित घरांत सहज उच्चारलीं जातात. परंतु त्यांच्यासाठीं ज्यांनीं वाट मळून ठेविली, त्या काशीनाथ नारायण साने (१८५१-१९२७) यांचें स्मरण क्वचितच होतें. ते आमच्याच शिक्षकी पेशाचे; म्हणून हें ऋण आठवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सन १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, जनार्दन बाळाजी मोडक आणि साने या तिघांनीं 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढलें. काव्य मोडकांकडे, इतिहास सान्यांकडे. सभासदाची बखर, चिटणिशी बखर, भाऊसाहेबांची बखर हे ग्रंथ सान्यांनीं टीपा देऊन छापले. फडताळांतील हस्तलिखितें अशा रीतीनें सामान्य वाचकाच्या हातीं आलीं.

पुढें १८९८ मध्यें राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला व बखरींवर कठोर प्रहार केला. बखरींत सनावळ्या चुकतात, आकडे फुगतात. समकालीन पत्रांपुढें त्यांची साक्ष लंगडी पडते. हें यथार्थ आहे. मग सान्यांचा श्रम व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. साक्षीदार न्यायासनापुढें उभाच नसेल, तर उलटतपासणी कोणाची करावयाची? तो उभा करण्याचें काम सान्यांनीं केलें. शिवाय पत्र तिथि सांगतें. पानपतचें दुःख लोकांच्या अंतःकरणांत कसें घर करून राहिलें, हें बखर सांगते. इतिहासास दोहोंची गरज आहे.

आमच्या वाशीमकरांस तर हें विशेष ध्यानांत धरण्याजोगें. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्यें उजेडांत आला, तेव्हां वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासास ठाऊक झाली. तांबें सोळाशें वर्षें टिकलें. भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनीं बांधलेलें बालाजीचें देऊळ दगडाचें, म्हणून तेंहि उभें आहे. कागदाचें आयुष्य मात्र वाळवीच्या हातीं!

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, माळ्यावरील मोडी रुमाल रद्दींत घालण्यापूर्वीं ते एखाद्या जाणत्यास दाखवावे. आतां खिशांतील फोननेंहि पानांचीं छायाचित्रें घेतां येतात. मात्र मूळ शब्दांस हात लावूं नये; शुद्धलेखनाच्या भरांत साक्षच बदलते. शोध लावणें विद्वानांचें काम खरें, पण तोंवर जपणें हें गृहस्थाचें कर्तव्य होय.