लागोसची महागाई आणि आमचा पगार

सुट्टीवर घरी आलो की वस्तीतले लोक पहिला प्रश्न विचारतात, "काय भाऊ, तिकडे महागाई कशी आहे?" मी उलट विचारतो, "कोणाला?" लोकांना वाटते, परदेशी राहून हा माणूस शहाणपणा शिकला. पण खरोखरच एका शब्दात उत्तर देता येत नाही. लागोसला आमच्या मेसमध्ये एकाच टेबलावर एकच आमटी ओरपणारे बारा जण होते आणि देश स्वस्त की महाग, यावर त्यांचे वर्षानुवर्षे एकमत झाले नाही. कधी कधी तर आवाज इतके चढायचे की आचारी स्वयंपाकघरातून डोकावून बघायचा.

मी प्लॅस्टिकच्या कारखान्यात मोल्ड फिटर आहे. उल्हासनगरला काम शिकलो आणि २०१९ साली नायजेरियाला गेलो. तिथे हिंदी माणूस नवा नाही. प्लॅस्टिक, औषधे, लोखंड, कापड, दुकाने, सगळीकडे आपले लोक आहेत. आम्हां कामगारांचा पगार बहुधा दोन भागांत असतो. एक भाग डॉलरच्या हिशेबाने इकडच्या बँकेत जमा होतो. दुसरा भाग तिथल्या खर्चासाठी नायरामध्ये हातात मिळतो, त्याला आम्ही 'लोकल' म्हणतो. राहायची खोली आणि मेस कंपनीची. साबण, फोन, केस कापणे, रविवारची कोंबडी, आजारपण हे सगळे लोकलमधून. त्यातून उरेल ते बदलून घरी पाठवायचे.

२०२३ पर्यंत हे गाडे रडतखडत चालले. बँकेत एका डॉलरला ४६० नायराच्या आसपास भाव, बाजारात त्याच्या बराच वर. दोन भाव असणे तिथे कोणाला विशेष वाटत नसे. मग २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत २००, ५०० आणि १,००० च्या नोटा बदलण्याचा घोळ झाला आणि बँकांपुढे रांगा लागल्या. आपण २०१६ साली हे भोगलेले, त्यामुळे मला त्यात नवे काही दिसले नाही. नवे दिसले ते मे महिन्यानंतर. २९ मे २०२३ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी, टिनुबू यांनी, शपथ घेतली आणि त्याच भाषणात पेट्रोलवरचे सरकारी अनुदान बंद झाल्याचे सांगितले. दोनशे नायराच्या आत मिळणारे पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या घरात आणि जुलैत सहाशेच्या वर गेले. मध्येच १४ जूनला मध्यवर्ती बँकेने नायराचा भाव बाजारावर सोडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका डॉलरला दीड हजार नायरा मोजावे लागत होते.

आता हिशेब बघा. समजा एखाद्याचा लोकल दोन लाख नायरा आहे. ४६० च्या भावाने ते सुमारे ४३५ डॉलर, म्हणजे आपले पस्तीस हजार रुपये. १,५०० च्या भावाने तेच दोन लाख सुमारे १३३ डॉलर, म्हणजे अकरा हजार रुपये. काम तेच, पाळी तीच, हजेरी तीच.

मेसमधला वाद इथे पेटला. आमचे हिशेबनीस गुजरातकडचे, वयाने मोठे, आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचा जवळजवळ सगळा पगार डॉलरमध्ये. ते म्हणत, "अरे, देश स्वस्त झाला! केस कापायला पूर्वी दोन डॉलर जायचे, आता एकसुद्धा जात नाही." ओडिशाचा एक इलेक्ट्रिशियन पोरगा होता, नुकताच आलेला. त्याला सगळा पगार नायरामध्ये. तो ताट सरकवून उठायचा. "काका, तुमचे डोके कापायला स्वस्त झाले, माझ्या आईचे औषध नाही झाले." मी दोघांच्या मध्ये, अर्धा डॉलरवाला आणि अर्धा नायरावाला. त्यामुळे दोघेही मला आपल्या बाजूला ओढत.

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण ते चालते कुठे, हे पाहायला बाजारात जावे लागते. तिथल्या गरिबाचे अन्न म्हणजे गॅरी. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, त्याच कंदाचा भाजलेला रवा. गरम पाण्यात घोटून त्याचा घट्ट गोळा करतात आणि रश्शाबरोबर खातात. गॅरी देशातच पिकते, म्हणून ती नायरामध्ये कितीही वाढली तरी डॉलरवाल्याला स्वस्तच पडते. तूरडाळ, गव्हाचे चांगले पीठ, मसाले हे मात्र जहाजातून येते. त्यांचा भाव डॉलरचा हात धरून चालतो. तेव्हा डॉलरमध्ये पगार घेऊन गॅरी खाणाऱ्याला देश स्वस्त. काकांनी सहा वर्षांत गॅरीला बोट लावले नव्हते. हे मी एकदा बोललो तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची डाळ मेसच्या खर्चात जात होती, म्हणून त्यांना तिचा भावच ठाऊक नव्हता.

आणि या सगळ्या वादात जो टेबलावर कधी बसलाच नाही, तो माझा मशीन ऑपरेटर. इथलाच, योरुबा. मला तो 'ओगा' म्हणायचा, म्हणजे साहेब. मी त्याला कितीदा सांगितले की बाबा, मी साहेब नाही, मीही कामगार. पण त्याची सवय गेली नाही. त्याला डॉलर आणि रुपया यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याचे मोजमाप 'डेरिका'. टोमॅटोच्या रिकाम्या डब्यावरून आलेले हे बाजारातले माप. आपल्याकडे पूर्वी मापटे आणि शेर होते, तसेच. पगार झाला की तो मोजायचा, यात तांदळाचे डेरिका किती, घेवड्याचे किती. २०२३ च्या सुरुवातीला पन्नास किलो तांदळाची गोणी आमच्या बाजारात चाळीस हजार नायराच्या आतबाहेर मिळे. २०२४ मध्ये ती ऐंशी हजार झाली आणि पुढे लाखाला टेकली. या काळात त्याचा पगार वाढला तो दीडपट. पेट्रोल वाढले तसे पिवळ्या व्हॅनचे, ज्यांना तिथे 'डॅन्फो' म्हणतात, भाडे वाढले. मग तो आठवड्यातून तीन रात्री कारखान्यातच पुठ्ठा अंथरून झोपू लागला. जायचे-यायचे भाडे वाचवून घरी तेवढे डेरिका जास्त. त्याच्या धाकट्या मुलीने बापाला विचारले म्हणे, की तुझे दुसरे घर कुठे आहे?

त्या देशाचे किमान वेतन २०१९ साली महिना ३०,००० नायरा ठरले. तेव्हाच्या ३६० च्या भावाने ते ऐंशी डॉलरच्या वर होते. कामगार संघटनांनी संप केले, भांडल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ते ७०,००० झाले. दुपटीहून जास्त! पण डॉलरमध्ये ते पंचेचाळीसच्या आसपास भरले. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आकडाच महागाई वर्षाला ३४ टक्क्यांवर सांगत होता, अन्नाची तर चाळीसच्या जवळ. त्याच महिन्यात अबुजा आणि ओकिजा येथे फुकट तांदूळ वाटताना चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. पुढच्याच महिन्यात मोजण्याचे आधारवर्ष बदलले आणि आकडा २४ वर आला. ऑपरेटरला मी ही बातमी सांगितली. तो म्हणाला, "ओगा, डबा तोच आहे."

मालकालाही बाजू असते, ती दडवू नये. आमच्या कारखान्याचे दाणे, म्हणजे कच्चे प्लॅस्टिक, बाहेरून येते आणि डॉलरमध्येच घ्यावे लागते. वीज नसते तेव्हा डिझेलवर जनरेटर चालतो. २०२३ मध्ये ग्लॅक्सो आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या मोठ्या कंपन्यांनी तिथून काढता पाय घेतला. आपल्याकडच्या वाळूजलाही याची झळ पोचली. लागोसच्या गल्लीत जी तीन चाकांची 'केके' धावते, ती पुष्कळदा बजाजची असते. नायरा कोसळला तशी बजाजची नायजेरियातली विक्रीही घसरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने परदेशी नोकरांमागे मालकाने वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर भरावेत असा कर काढला. ओरड झाली आणि दोन आठवड्यांच्या आत तो थांबवला. पण त्या दोन आठवड्यांत आमच्या मेसमध्ये कोणाला धड झोप नव्हती.

पण तोटा आला की तो वाटला कसा जातो, हे बघण्यासारखे असते. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला, भाव ९०० च्या आसपास असताना, कंपनीने आम्हांला नवा करार पुढे केला. सगळा पगार नायरामध्ये, आजच्या भावाने, वर पंचवीस टक्के वाढ. आकडा डोळ्यांत भरणारा होता. काका सोडून सगळ्यांना तो लागू. त्या रात्री मेसमध्ये एक वाजेपर्यंत बसलो. काही म्हणाले, वाढ मिळते आहे, घ्या. काही म्हणाले, नाही म्हटले तर तिकीट हातात देतील.

तेव्हा मला आमच्या विहारातल्या एका निवृत्त गुरुजींचे बोलणे आठवले. बाबासाहेबांच्या रुपयावरच्या ग्रंथाबद्दल ते सांगत. आपण त्याचे नाव जयंतीला घेतो आणि पुढे जातो. १९२३ साली लंडनमध्ये निघालेले ते पुस्तक मला सगळे कळले असे म्हणणार नाही. पण गुरुजींनी त्यातला एक मुद्दा फोड करून सांगितला होता. रुपयाचा भाव उतरला की व्यापारी आणि कारखानदार खूष होतात, कारण भाव चढतात पण मजुरी त्यांच्या मागे रखडत येते. मधला फायदा आकाशातून पडत नाही, तो मजुराच्या खिशातून निघतो. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही बाबासाहेब साक्षीला गेले होते. रुपया आणि पौंडाच्या दराचा तो वाद साहेबलोकांचा आहे असे वाटते, पण बाबासाहेब त्यात मजूर कुठे उभा आहे ते बघत होते. लागोसच्या मेसमध्ये मी हे माझ्या मोडक्या हिंदीत सांगितले. ओडिशाच्या पोराने विचारले, "हे कोणी लिहिले?" मी सांगितले. तो म्हणाला, "संविधानवाले?" मी म्हटले, तेच.

आम्ही सात जणांनी सही केली नाही. दहा टक्के कमी चालतील, पण डॉलरचा भाग डॉलरमध्येच राहू द्या, असे लिहून दिले. आठवडाभर उत्तर नव्हते. मग कंपनीने मान्य केले. चौघांनी नायराच्या करारावर सही केली. त्यांना दोष देता येत नाही, एकाच्या घरी लग्न होते, हप्ता हवा होता. वर्षअखेर भाव दीड हजारांच्या पुढे गेला. पंचवीस टक्के वाढ धरूनही त्यांचे रुपये चौथाईहून जास्त घटले. आमचे दहा टक्के. ओडिशाचा पोरगा त्या चौघांतला, कारण त्याला डॉलरचा भाग मुळातच नव्हता. तो ऑक्टोबरमध्ये परत गेला.

माझ्या बायकोला या सगळ्यात रस नाही. ती म्हणते, "नायरा-बियरा मला सांगू नका. पाच तारखेला खात्यात किती येणार, तेवढे सांगा." घराचा हप्ता, मुलीची नर्सिंगची फी, सासूबाईंची गोळी. तिचेही एक डेरिका आहे आणि त्याचे माप ती मला विचारून ठरवत नाही.

आता माझ्या भाच्याला तिकडूनच बोलावणे आले आहे. दुसरी कंपनी, दोन पानांचा करार, महिना नऊ लाख नायरा. ताईने वस्तीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. मी कागदावर भागाकार करून दाखवला. दीड हजाराच्या भावाने नऊ लाखांचे सहाशे डॉलर होतात. पगार वाईट नाही, पण नऊ लाखही नाही. भाच्याला म्हटले, चार गोष्टी लिहून विचार. पगार कोणत्या पैशात? भाव कोणत्या तारखेचा? वर्षात नायरा पडला तर पगार बदलणार का? मेस आणि तिकीट कोणाचे? तो म्हणाला, "मामा, एवढे विचारले तर दुसऱ्याला घेतील." ताई माझ्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही.

त्याने तरी पत्र पाठवले. उत्तर अजून आलेले नाही. पासपोर्ट तयार आहे.